जिंकले म्हणजे श्रेष्ठ ठरले काय? ‘पॉइंट टू टू’ काडतुसाच्या निमित्ताने एक प्रतिवाद

#थ्रेड

१/
१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले. त्याच्या रायफलीतून सुटलेली प्रत्येक गोळी ज्या जातीच्या काडतुसाची होती, त्याचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. नाव .२२ लाँग रायफल. आपल्याकडे एनसीसीच्या मैदानावर ज्याला ‘पॉइंट टू टू’ म्हणतात, ते हेच. एकशे सदतीस वर्षे एखादे काडतूस टिकते, ते कशाच्या बळावर? या प्रश्नाला जे उत्तर हमखास दिले जाते, त्याच्या विरोधात हे लेखन आहे.

२/
ते उत्तर असे: “ससे, खारी यांसारख्या छोट्या शिकारीसाठी .२२ हेच सर्वोत्तम होते. बाकीची काडतुसे स्पर्धेत हरली. जे उत्तम ते उरले.” ऐकायला हे वाक्य अगदी निरुपद्रवी वाटते. पण यात एक खोल चूक दडलेली आहे. टिकणे आणि श्रेष्ठ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की इतिहास संपतो व विजेत्याची भाटगिरी सुरू होते. ‘बळी तो कान पिळी’ हे जगाचे वर्णन असेल. तो न्याय नव्हे.

३/
दुसरा एक पक्ष याच्या अगदी उलट बोलतो. “.२२ आता जुनाट झाले. नवी काडतुसे दुप्पट वेगाची आहेत, म्हणून ती श्रेष्ठ.” हे दोन्ही पक्ष एकमेकांशी कडाकडा भांडतात, पण दोघांची चूक एकच आहे. पहिला टिकाऊपणालाच गुण समजतो, दुसरा नवेपणाला. छोट्या शिकारीला मुळात काय हवे असते, हा प्रश्न दोघेही विचारत नाहीत. तो विचारून पाहू, आणि दोन्ही पक्षांची तपासणी करू.

४/
आरंभीच एक खुलासा. आपल्या देशात हा विषय केवळ इतिहासाचा आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात मुळात ‘लहान शिकार’ असा स्वतंत्र वर्ग होता आणि तिच्यासाठी परवानाही मिळत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवान्यांची व्यवस्थाच मोडीत निघाली. म्हणून पुढे जे काही येईल ते प्रामुख्याने अमेरिकेच्या आणि काही अंशी इंग्लंडच्या रानातले आहे. कोणी याला शिकारीचे मार्गदर्शन समजू नये.

५/
आता मूळ प्रश्न. छोटी शिकार म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडील हिकरी-ओकच्या जंगलातील खार, शेताच्या बांधावरचा ससा. इंग्लंडमध्ये ससा आणि रूक हा कावळ्याच्या कुळातला पक्षी. ही शिकार भिंतीवर मुंडके टांगण्यासाठी केली जात नसे. ती चुलीवर चढायची. त्यामुळे तिच्या कसोट्या तीनच. जनावर जागच्या जागी मरावे, जखमी होऊन बिळात तडफडू नये. मांसाची नासाडी होऊ नये. आणि नेम पक्का होईपर्यंत सराव करणे गरिबालाही परवडावे. या तीन कसोट्या शेवटपर्यंत ध्यानात ठेवा.

६/
या कसोट्या काडतुसाहून जुन्या आहेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पेन्सिल्व्हेनिया आणि केंटकीकडील ठासणीच्या लांब रायफली हळूहळू बारीक नळीच्या होत गेल्या. खारीसाठीच्या रायफलींची नळी तर इंचाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असे. कारण सोपे होते. शिसे आणि दारू महाग, खार लहान. पक्षीचित्रकार ऑड्युबॉनने तर एक विलक्षण पद्धत नोंदवली आहे: गोळी खारीला न मारता तिच्या पायाखालच्या सालीवर मारायची, साल उडते, त्या धक्क्यानेच खार मरते आणि मांस अखंड राहते. गोष्टीत अतिशयोक्ती असेलही, पण शिकाऱ्याला काय हवे होते ते तिच्यातून नेमके कळते.

७/
आता रिमफायर म्हणजे काय ते पाहू. पितळेची किंवा तांब्याची पुंगळी, तिच्या बुडाशी बाहेर आलेली पोकळ कड, आणि त्या कडेत भरलेले संवेदनशील स्फोटक. घोडा पडला की आघाताने कड चेपते, स्फोटक पेटते, दारू पेटते, गोळी सुटते. बनवायला स्वस्त आणि सुटसुटीत. पण यातच एक मर्यादा आहे. कड चेपली जावी म्हणून पुंगळीचा पत्रा पातळच ठेवावा लागतो. पत्रा पातळ, म्हणून आतला दाब बेताचाच. शिवाय एकदा उडालेली पुंगळी घरी पुन्हा भरता येत नाही. रिमफायरची सगळी कहाणी या पातळ पत्र्यात आहे.

८/
पॅरिसचा लुई-निकोला फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास टोपीवजा पुंगळीत एक छोटी गोळी बसवली. त्यात दारू नव्हतीच; टोपीतल्या स्फोटकाच्या जोरावरच गोळी सुटे. कशासाठी? श्रीमंतांच्या दिवाणखान्यात करमणूक म्हणून निशाणे मारण्यासाठी. म्हणजे ज्या कुळातून .२२ जन्मले, त्याचा मूळ पुरुष रानात जन्मलेला नाही, गालिच्यावर जन्मलेला आहे.

९/
पुढची पायरी १८५७ ची. अमेरिकेत होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी आपल्या पहिल्या रिव्हॉल्वरसाठी .२२ शॉर्ट हे काडतूस काढले: २९ ग्रेनची गोळी, तिच्यामागे सुमारे ४ ग्रेन काळी दारू. ते खिशात मावणाऱ्या शस्त्रासाठी होते. दिवाणखान्यानंतर खिसा, शिकारीचा संबंध अजूनही नाही. .२२ हा व्यास खार डोळ्यांसमोर ठेवून कोणी ठरवलेला नाही, हे पहिल्या पक्षाने कृपया लक्षात घ्यावे.

१०/
मग अमेरिकेचे यादवी युद्ध आले (१८६१-६५). हेन्री आणि स्पेन्सर या लागोपाठ बार काढणाऱ्या रायफली या काळात गाजल्या, आणि दोन्हींची काडतुसे रिमफायरच होती, पण जाड. काही वर्षे असे वाटले की भविष्य रिमफायरचेच आहे. पण अधिक जोर हवा म्हणजे अधिक दाब हवा, आणि पातळ पत्रा तो सोसेना. बुडाच्या मध्यभागी स्फोटकाची टोपी असलेली सेंटरफायर काडतुसे पुढे सरसावली. विंचेस्टरची १८६६ ची रायफल रिमफायर, १८७३ ची सेंटरफायर. सात वर्षांत निकाल लागला. मोठ्या कामातून हाकलल्यावर रिमफायरच्या वाट्याला छोटे काम उरले.

११/
त्या छोट्या कामासाठी मग एकामागून एक प्रयोग झाले. १८७१ साली .२२ लाँग: तीच २९ ग्रेनची गोळी, दारू थोडी अधिक. १८८० च्या सुमारास .२२ एक्स्ट्रा लाँग: ४० ग्रेनची गोळी, आणखी लांब पुंगळी. आणि १८८७ मध्ये जे. स्टीव्हन्स या कंपनीने चिकोपी फॉल्स येथे ‘लाँग’ची पुंगळी आणि ४० ग्रेनची गोळी यांचा मेळ घालून .२२ लाँग रायफल तयार केले. यात क्रांती नव्हती. होती ती हिशेबी तडजोड. पण अचूकता चांगली साधली, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

१२/
आता हरलेल्यांकडे पाहू. १८९० मध्ये विंचेस्टरने ब्राउनिंग बंधूंनी आखलेली पंप रायफल बाजारात आणली आणि तिच्यासोबत .२२ डब्ल्यूआरएफ हे नवे काडतूस. यात गोळी ४५ ग्रेनची, चपट्या नाकाची. वंगण पुंगळीच्या आत झाकलेले. .२२ लाँग रायफलची गोळी पुंगळीच्याच जाडीची, म्हणून तिचे वंगण उघडे. खिशात टाकली की धूळ-कचरा चिकटायचा. शिकाऱ्याच्या दृष्टीने डब्ल्यूआरएफ सरस होते: गोळी जड, आघात अधिक, हाताळणी स्वच्छ.

१३/
आणि खरा गुणी पराभूत म्हणजे १९०० साली बाजारात आलेले .२५ स्टीव्हन्स. गंमत अशी की तेही .२२ लाँग रायफलच्याच कंपनीचे अपत्य. गोळी सुमारे ६७ ग्रेनची, दारू १० ते ११ ग्रेन. वेग बेताचाच, पण गोळी रुंद आणि जड. वेगवान गोळी मांसाच्या चिंध्या करते. जड आणि संथ गोळी स्वच्छ आरपार जाते आणि तरीही जनावर जागीच पडते. त्या काळच्या शिकाऱ्यांत याच गुणासाठी .२५ ची ख्याती होती.

१४/
म्हणून १९०० सालच्या त्या तीन कसोट्यांवर निकाल मांडा. जागीच मृत्यू: .२५ पुढे. मांसाची नासाडी: दोन्ही चांगली, .२५ किंचित सरस. सरावाचा खर्च: .२२ निर्विवाद पुढे. त्यात .२५ चा एक दोषही नमूद करतो: तिची गोळी हवेत लवकर खाली झुकते, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकला तर नेमही चुकतो. पण झाडावरच्या खारीसाठी अंतर पंचवीस ते पन्नास यार्ड. तिथे हा दोष फारसा जाणवत नाही. न्यायाधीश केवळ शिकारी असता, तर माळ .२५ च्या गळ्यात पडली असती. पडली नाही, कारण न्यायाधीश दुसरेच होते.

१५/
पहिला न्यायाधीश: नळीचा खड्डा. .२२ शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल यांची जाडी एकच. फरक फक्त लांबीत. म्हणून लाँग रायफलसाठी कोरलेल्या नळीत तिन्ही बसतात. मार्लिनच्या १८९१ च्या रायफलीत ही सोय होती, आणि १९०८ पासून विंचेस्टरच्या १९०६ मॉडेलमध्येही ती आली. गावातल्या दुकानात जे मिळेल ते भरा आणि उडवा. .२५ किंवा डब्ल्यूआरएफवाल्याला ही मुभा नव्हती. त्याचे काडतूस संपले की रायफल खुंटीवर. हा गुण सोयीचा आहे, घावाचा नव्हे.

१६/
दुसरा न्यायाधीश: शिशाचा हिशेब. एका पौंडात ७,००० ग्रेन. ४० ग्रेनच्या गोळ्या निघतात १७५. ६७ ग्रेनच्या जेमतेम १०४. दारूही जवळपास दुप्पट. त्यातच जत्रेतल्या निशाणेबाजीच्या दुकानांत आणि पोरांच्या हातातल्या स्वस्त रायफलींत .२२ ची काडतुसे खपत होती. खप वाढला की भाव उतरतो, भाव उतरला की खप वाढतो. हे चक्र एकदा फिरू लागले की शेजारच्या चांगल्या मालालाही त्यात शिरकाव मिळत नाही.

१७/
तिसरा न्यायाधीश सर्वांत बलवान, आणि त्याचा शिकारीशी काडीचाही संबंध नाही: युद्धाची भीती. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या अचूक नेमाने ब्रिटिश सैन्य हादरले. लॉर्ड रॉबर्ट्स, जो त्याआधी हिंदुस्थानचा सरसेनापती होता, याने नागरिकांनी नेमबाजी शिकावी म्हणून मोहीमच उघडली. गावोगावी ‘मिनिएचर रायफल क्लब’ निघाले. छोट्या आवारात, थोड्या खर्चात, कमी आवाजात सराव करायचा तर .२२ हाच पर्याय होता. खुद्द सैन्याने आपल्या रायफलींना .२२ च्या नळ्या बसवल्या.

१८/
याचा फटका कोणाला बसला ते पाहा. इंग्लंडमध्ये ‘रूक रायफल’ ही बंदूककारांची देखणी परंपरा होती: हॉलंड अँड हॉलंडसारख्या कारागिरांनी बनवलेल्या, .२५ ते .३६ व्यासाच्या हलक्या सेंटरफायर रायफली. मे महिन्यात घरट्याबाहेर फांदीवर आलेली रूकची पिल्ले आणि संध्याकाळी चरायला निघालेले ससे यांसाठीच त्या घडवल्या जात. शिकारीच्या कसोटीवर त्या उत्तम होत्या. पण क्लबांच्या .२२ ने काडतूस इतके स्वस्त करून टाकले की रूक रायफली मागे पडल्या. पुढे कित्येकांच्या नळीत .२२ ची आतली नळी घालण्यात आली. परंपरेचा अंत असाही होतो: बाहेरून तीच, आतून परकी.

१९/
अमेरिकेतही तेच घडले. १९०३ मध्ये नागरिकांच्या नेमबाजीला उत्तेजन देण्यासाठी सरकारी मंडळ स्थापन झाले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये छोट्या नळीच्या रायफलींच्या स्पर्धा आल्या. अमेरिकी सैन्याने १९२२ मध्ये सरावासाठी स्प्रिंगफील्डची .२२ आवृत्ती काढली. आणि .२५ चे माहेर? १९१५ मध्ये स्टीव्हन्सचा कारखाना विकला गेला आणि तिथे रशियाच्या झारसाठी लष्करी रायफली बनू लागल्या. गुणी काडतुसाच्या घरात त्याच्याकडे पाहायला कोणी उरले नव्हते.

२०/
खप जिकडे, सुधारणा तिकडे. नळीला गंज न चढवणारे स्फोटक, धूरविरहित दारू, १९३० च्या सुमारास आलेली अतिवेगवान काडतुसे: हे सारे संशोधन आधी .२२ लाँग रायफलच्या वाट्याला आले. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, कारखाने सैन्याच्या कामाला जुंपले गेले. सैनिकांच्या सरावासाठी .२२ हवेच होते; .२५ कोणाला हवे होते? १९४२ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. युद्ध संपले, पण ते परतले नाही. ज्या स्पर्धेत एका मल्लाला तालीम, खुराक आणि सरकारी अनुदान मिळते आणि दुसऱ्याच्या आखाड्याला कुलूप लागते, तिच्या निकालाला ‘गुणवत्तेचा विजय’ म्हणायचे?

२१/
आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. तो असा: “स्वस्ताई हाही गुणच आहे. ज्याला वर्षाला हजार गोळ्या परवडतात, त्याचा नेम शंभर गोळ्या परवडणाऱ्यापेक्षा पक्का असतो. आणि पक्क्या नेमाची छोटी गोळी कच्च्या नेमाच्या मोठ्या गोळीपेक्षा दयाळू असते.” हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मीच तिसरी कसोटी म्हणून तो आरंभी मांडला. पण यातून काय सिद्ध होते ते नीट पाहा. .२२ ची स्वस्ताई तिच्या घडणीत थोडी आणि क्लब, सैन्य व जत्रा यांनी निर्माण केलेल्या खपात फार आहे. हा गुण तिने कमावला त्याहून अधिक तिला वारशाने मिळाला.

२२/
दुसऱ्या पक्षाकडे वळू, जो नव्याचा भक्त आहे. १९५९ मध्ये विंचेस्टरने .२२ मॅग्नम आणले: ४० ग्रेनची गोळी, वेग सुमारे १,९०० फूट प्रति सेकंद, लाँग रायफलचा साधारण १,२५०. ऊर्जा दुपटीहून अधिक. कोल्हा किंवा कायोटीसाठी हे उत्तम. पण खारीच्या अंगात ही पोकळ टोकाची गोळी घुसली तर चुलीवर ठेवायला काय उरते? पहिली कसोटी उत्तीर्ण, दुसरी नापास, आणि काडतूस महाग म्हणून तिसरीतही काठावर.

२३/
नवेपणा आणि वेग यांनीच विजय मिळत असता, तर १९७० च्या सुमारास आलेले रेमिंग्टनचे ५ मिलिमीटर मॅग्नम आज घराघरांत असते. ३८ ग्रेनची गोळी, वेग २,१०० फूट. कागदावर मॅग्नमलाही मागे टाकणारे. पण त्यासाठीच्या रायफली जवळजवळ एकट्या रेमिंग्टननेच बनवल्या, आणि हे काडतूस दुसऱ्या कोणत्याही नळीत बसत नव्हते. काही वर्षांतच त्या रायफली बंद झाल्या. वेग होता, सोबती नव्हते. .२५ स्टीव्हन्सचे दुर्दैव सत्तर वर्षांनी पुन्हा घडले.

२४/
२००२ मध्ये हॉर्नडीने .२२ मॅग्नमचीच पुंगळी तोंडाशी आवळून .१७ एचएमआर काढले: गोळी अवघी १७ ग्रेन, वेग सुमारे २,५५० फूट. शंभर यार्डांपर्यंत गोळीची वाट जवळजवळ सरळ. शेत पोखरणाऱ्या प्राण्यांचा दुरून बंदोबस्त करायला हे सुरेख साधन आहे. पण प्लास्टिकच्या टोकाची ती इवलीशी गोळी आत शिरताच फुटते. खाण्यासाठीच्या सशाच्या खांद्यात ती लागली तर अर्धा ससा टाकून द्यावा लागतो. मग डोक्यावरच नेम धरा, असे सांगितले जाते. डोक्यावरच नेम धरायचा असेल, तर पन्नास यार्डांवर साधी .२२ काय वाईट?

२५/
आणि २०१२-१३ मधील .१७ विंचेस्टर सुपर मॅग्नम तर या कथेवरचा कळसच. त्याची पुंगळी कुठून आली? बांधकामावर खिळे ठोकण्याच्या यंत्रात वापरतात त्या बिनगोळीच्या काडतुसाच्या घडणीवरून. पत्रा जाड, म्हणून दाब अधिक. २० ग्रेनची गोळी ३,००० फूट वेगाने. दिवाणखान्यात जन्मलेल्या कुळाला सुताराच्या हत्यारपेटीतून नवे रक्त मिळाले. यंत्र म्हणून मला ते मनापासून आवडते. पण खारीला त्याची गरज कधीच नव्हती. ही गरज जाहिरातीने जन्माला घातली.

२६/
मग माझा निर्णय काय? संदिग्ध बोलणे वादात शोभत नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. पन्नास-साठ यार्डांच्या आतील, खाण्यासाठीच्या छोट्या शिकारीला .२२ लाँग रायफल पुरेसे आहे. ‘पुरेसे’ हा शब्द मी मोजून वापरतो. पन्नास यार्डांवर नेम जुळवलेली ही गोळी शंभर यार्डांवर पाच-सहा इंच किंवा त्याहूनही खाली जाते, आणि खारीचे डोके जेमतेम दीड इंचाचे. तेव्हा शंभर यार्डांवरून .२२ झाडणारा शिकारी परंपरा पाळत नसतो. तो एका जीवाला जखमी करून पळवून लावत असतो. .२२ चे श्रेष्ठत्व असलेच, तर ते तिच्या मर्यादा ओळखणाऱ्या माणसाच्या हातात आहे.

२७/
आणि निकाल अजून अंतिम नाही. शिशाच्या गोळीने मारलेल्या जनावरांचे अवशेष खाऊन कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडे विषबाधेने मरू लागली. त्या राज्याने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी घातली. आता .२२ ची खरी परीक्षा आहे. तांबे शिशापेक्षा हलके. तेवढ्याच आकाराची गोळी तांब्याची केली की वजन घटते आणि जुना मेळ बिघडतो. १८८७ ची तडजोड शिशाच्या वजनावर उभी होती. उद्या शिसे गेले आणि दुसरेच एखादे काडतूस पुढे आले, तर आज ‘उत्तम ते उरले’ म्हणणारे तेव्हा काय म्हणतील? तेच म्हणतील, फक्त नाव बदलून. ज्या विधानाला कोणताही निकाल चालतो, ते विधान काहीच सांगत नसते.

२८/
आता पुन्हा कोल्हापूर. .२२ आपल्याकडे खारी मारण्यासाठी रुजली नाही. १९४८ मध्ये एनसीसी स्थापन झाली आणि सरावाच्या ब्रिटिश परंपरेतून आलेली .२२ रायफल छात्रांच्या हाती पडली. दुसरीकडे तेच काडतूस ऑलिंपिकच्या मार्गाने आले. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. चौदा वर्षांनी स्वप्निलचे कांस्य. या दोन्ही पदकांमागे बोअर युद्धाची धास्ती, रॉबर्ट्सचे क्लब आणि एका नळीत तीन काडतुसे बसण्याची सोय उभी आहे. छोट्या शिकारीसाठी गाजलेले हे काडतूस, आणि आपल्या वाट्याला त्याचा जो भाग आला त्यात शिकार नाहीच.

२९/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना म्हणूनच एक विनंती. एखादी वस्तू, भाषा, पीक, लिपी किंवा राज्य टिकलेले दिसले की ‘पदरी पडले पवित्र झाले’ म्हणून हात जोडू नका. चार प्रश्न विचारा. ती कोणासाठी बनली? तिचा खर्च कोणी उचलला? तिच्याशी जुळवून घेणारे आधीच किती जण होते? आणि तिच्यासोबत धावणाऱ्यांचे काय झाले? पहिल्या तिन्हींतून विजेता उलगडतो. चौथ्यातून इतिहास उलगडतो.

३०/
.२५ स्टीव्हन्सची एखादी जुनी पेटी संग्राहकाच्या कपाटात आजही सापडते. ती पराभवाची निशाणी म्हणून पाहू नका. चांगल्या गोष्टी हरतात, आणि त्यांचे हरणे हा त्यांच्याविरुद्धचा पुरावा नसतो, एवढे ती पेटी सांगते. या मांडणीत तथ्याची चूक आढळली तर अवश्य दाखवा, दुरुस्त करीन. मतभेद असेल तर आधी त्या तीन कसोट्या घ्या आणि मग भांडा. थ्रेड समाप्त.